पंखाच्या कापडावरचं स्वस्तिक

शके १८५१, आषाढ व. ३

रांगोळी दमट झाली आहे. चिमटीतून सुटत नाही, मेला गोळाच पडतो. तव्यावर शेकून घेतली आणि मग देवळात गेले. पाखाडीच्या पायऱ्यांवरून पाणी नुसतं धो धो उतरतंय. एक हात छत्रीला, एक कडेच्या दगडी गडग्याला, म्हणून तबक काशीने धरलं. काशी धाकटी जाऊ. तिला व्रत नाही, पण मला एकटीला सोडत नाही.

देवापुढे स्वस्तिक काढलं, चार ठिपके दिले, हळदकुंकू वाहिलं. चातुर्मासात रोज एक, कपाळाचं कुंकू टिकावं म्हणून. ह्यांनी बसऱ्याची वाट धरली त्या वर्षापासून एकही चातुर्मास चुकलेला नाही.

घरी आले तर मामंजी पडवीत खाटेवर बसलेले. दम्यामुळे डोळ्याला डोळा नाही. म्हणाले, "सूनबाई, जेठात बारा वर्षं झाली."

"पेज आणते," म्हटलं.

"पेज राहू दे. बारा वर्षं झाली म्हटलं मी."

ऐकू आलं होतं. बहिरी नाहीये मी.

आषाढ व. ४

काल पुढे लिहवेना.

मामंजींना पालाशविधी करायचा आहे. माणसाचा बारा वर्षं पत्ता नसला की पळसाच्या पानांचा माणूस करायचा, डोक्याच्या जागी नारळ, आणि त्याला अग्नी द्यायचा. मग तो माणूस मेला. शास्त्राने मेला. मग त्याला पिंड पोचतो, पाणी पोचतं. आणि त्याच्या बायकोचं काय होतं ते मला कुणी सांगायला नको.

मामंजी वाईट असते तर बरं झालं असतं. चांगलं कडकडून भांडता आलं असतं. पण हा माणूस मला म्हणतो, "तू हो म्हणालीस तरच करीन, नाही तर नाही. पण माझ्या हातून व्हावं असं वाटतं गो. मी गेल्यावर त्याला पाणी कोण देणार? धाकट्या विष्णूला मुंबईतून सवड व्हायची नाही. तिकडे तहानलेला फिरत असेल माझा."

म्हटलं, "व्रत अर्ध्यावर टाकता येत नाही. कार्तिकीला उद्यापन होऊ दे, मग सांगते."

"बरं. कार्तिकीपर्यंत टिकतो मी," म्हणाले. गाडीची वाट बघावी इतकं सहज.

आषाढ व. ११

पाऊस. कोंडून घातल्यासारखं झालंय. कुळथाचं पिठलं आणि भात, दोन्ही वेळा.

ह्यांची पत्रं आज काढली नाहीत. पाठच आहेत. शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. पोरांना आंबे आणि पेरू काढून दाखवायचा कंटाळा आला होता म्हणे. तिकडे लढाईत विमानांवर आकडे रंगवायला माणूस हवा होता, निघाले लगेच. पत्रात होतं, विमान म्हणजे नुसतं लाकूड आणि कापड, वरून रोगण. त्या रोगणाला पिकल्या केळ्यांचा वास येतो, काम करताना सारखी भूक लागते. हे वाचून मी तेव्हा पोट धरून हसले होते.

मग तो जेठ. एका साहेबाबरोबर विमानात बसून दुसऱ्या ठाण्यावर निघाले, रंगाचे डबे घेऊन. विमान दलदलीत पडलं. साहेबाचा देह सापडला, ह्यांचा नाही. सरकारी पत्रात एकच शब्द, बेपत्ता. मेला म्हणाले असते तर मेला. जिवंत म्हणाले असते तर जिवंत. हे बेपत्ता म्हणजे काय करायचं बायकोने?

निघताना सांगणं झालं होतं, रोज चार ओळी लिहीत जा, आलो की सगळं वाचीन. लिहायला ह्यांनीच शिकवलं. वाचीन म्हणाले म्हणून लिहितेय. पेटी भरली वह्यांनी.

स्वस्तिकही ह्यांनीच नीट काढायला लावलं. माहेरी मी काढायचे ते वेडंवाकडं. "हा बघ, चारी पाय वाकलेले. हा कुठे चालत जायचा नाही, घरीच बसेल." आणि ठिपके? तर ते चार दिशांचे चार राखणदार. ठिपक्यांवाचून स्वस्तिक काढणं म्हणजे घर उघडं टाकून जाणं. मी घाईत विसरले की मागून येऊन स्वतःच्या बोटाने द्यायचे. शाळेत, पाटीवर, शाईच्या दौतीवर, कुठेही काढलं तरी ठिपक्यांवाचून हात उचलायचे नाहीत.

घरीच बसेल म्हणे. शहाणे.

श्रावण शु. ५

नागपंचमी. देवळात बायकांची गर्दी. एक थोरली बाई, नाव लिहीत नाही, मला ऐकू जाईल अशा बेताने शेजारणीला म्हणाली, "आता कसलं डोंबलाचं सौभाग्यव्रत? बारा वर्षं उलटली."

मी रांगोळी टाकता टाकताच म्हटलं, "तुमचे घरात असून तुम्हाला दिसत नाहीत काकू, माझे घरात नसून दिसतात. ज्याचं त्याचं नशीब."

वाटेत काशी रागावली. "वहिनी, जिभेला हाड नाही तुमच्या." मग गडग्याला धरून हसत सुटली. मीही हसले. घरी येऊन न्हाणीघरात जाऊन रडले ते वेगळं.

श्रावण शु. १५

नारळी पौर्णिमा. मामंजी बंदरावर कारकून होते, त्यामुळे नारळ त्यांनीच द्यायचा असा घरचा नेम. ह्या वर्षी पाखाडी उतरवेना. तिसऱ्या पायरीवर बसले ते बसलेच. नारळ माझ्या हातात दिला.

समुद्र अजून खवळलेला. नारळ टाकला आणि त्याला म्हटलं, तिकडचं पाणी तूच आहेस ना शिंच्या? मग एकदा सांग तरी.

श्रावण व. १०

आज काय झालं ते नीट लिहिते.

मी देवळात असताना हुसेन तांडेल येऊन गेला. खाडीपलीकडचा. त्याचं गलबत हिवाळ्यात बसऱ्याला जातं आणि खजूर भरून येतं. बंदरावरच्या दिवसांपासून मामंजींचा स्नेह. पावसाळ्यात गलबत झावळ्यांच्या झापाखाली असतं आणि हे लोक शिडं शिवत बसतात. ठिगळांना म्हणून बसऱ्याच्या बाजारातून जुन्या कापडाचा गठ्ठा आणलेला, त्यात एक तुकडा निघाला. भाऊंच्या, मामंजींना तो भाऊच म्हणतो, घरच्या कामाचा असेल म्हणून घेऊन आला.

जेवणं झाल्यावर मामंजींनी मला बोलावलं. दार लोटून घ्यायला सांगितलं. मग उशीखालून काढलं.

पाटाएवढं कापड. आंब्याच्या साठासारखं पिवळट आणि कडक. वर तांबड्या रंगाचं स्वस्तिक, माझ्या दोन वितींएवढं. आणि चार ठिपके.

"मोडक्या विमानाचा पंख आहे," म्हणाले. "दुकानदाराने हुसेनला सांगितलं, हे विमान लढाई संपल्यावर दोन वर्षांनी पडलं. नवीनच होतं तेव्हा."

"लढाई संपल्यावर?"

"होय."

"म्हणजे ह्यांचा पत्ता नाहीसा झाला त्यानंतर..."

"तीन वर्षांनी." मामंजी माझ्याकडे बघत नव्हते. "तिकडे ठिपक्यांचं स्वस्तिक दुसरं कोण काढणार, सूनबाई?"

कापडाचा वास घेतला. केळ्यांचा नाही, सुक्या मासळीचा येतो. सोवळ्यात होते तरी छातीशी धरलं.

मामंजींच्या नखाला तांबडं लागलं होतं. विचारलं तर म्हणाले, तुळशीवृंदावनाला गेरू लावत होतो. मी रागावले. एवढ्या दम्यात उठून गेरू लावायचा, तोही भर पावसात, उद्या धुऊन जायला? म्हणाले, "चुकलो बाई."

श्रावण व. ११

जिवंत आहेत.

निदान तीन वर्षांनंतर जिवंत होते, म्हणजे त्या दलदलीतून निघाले होते, म्हणजे आहेत. मग आले का नाहीत? डोक्याला मार लागला असेल, घर आठवत नसेल. अरबांनी ठेवून घेतलं असेल. हात मात्र विसरला नाही. डोकं विसरतं, हात विसरत नाही.

तिकडे दुसरी बायको केली असेल तर करू देत. मी तिच्या पोरांचंही करीन.

नाही करणार. पण येऊ देत.

भाद्र. शु. ३

हरताळका. हिरव्या बांगड्या भरल्या, हातभर. कासारीण म्हणाली, काय वैनी, यंदा थाट! म्हटलं, होय, थाटच.

काशी म्हणते माझा चेहरा भरला. दोन घास जास्त जातात खरे. कापड पेटीत वह्यांवर ठेवलंय. रोज एकदा काढून बघते.

मामंजींना विचारलं, विधीचं काय? म्हणाले, "कसला विधी? विषय संपला." आणि हसले. किती दिवसांनी हसले! मग खोकल्याची उबळ आली ती थांबेना. पाठ चोळत बसले. पाठीची हाडं हाताला लागतात.

भाद्र. व. ७

पितरांचा पक्ष केला. वाफ्यातला अळू, वडे, खीर. भटजी वेळेवर.

मामंजी एकेकाच्या नावाने तिळाचं पाणी सोडत होते. वडील, आजोबा, पणजोबा. मग आई, मग सासूबाई, मग इतर. शेवटी भटजी म्हणाले, "आणखी कुणी?"

मामंजींनी ओंजळीत पाणी घेतलं होतं. मी स्वैंपाकघराच्या दारातून बघत होते. पाणी बोटांमधून गळत होतं आणि ते तसेच.

"नाही," म्हणाले. "आणखी कुणी नाही."

मला इतकं बरं वाटलं! खिरीत वेलदोडा जास्त पडला त्या आनंदात.

भाद्र. व. ३०

काशी सांगत होती, मामंजी झोपेत बोलतात. ह्यांना लहानपणच्या नावाने हाक मारतात आणि म्हणतात, थांब, आणतो पाणी. तांब्या उशाशीच असतो. तो उचलतात आणि कुणाला द्यायचा ते कळत नाही, परत ठेवतात.

स्वप्न पडत असेल, म्हटलं. म्हाताऱ्या माणसांना पडतात.

आश्विन शु. ४

दुसरं काही सुचत नाही, म्हणून ठरवलं. हुसेनचं गलबत दसऱ्यानंतर निघेल. कापड त्याच्याबरोबर पाठवायचं. त्याने त्या दुकानदाराला दाखवायचं, विमान कुठल्या ठाण्याचं होतं विचारायचं, रंगवणाऱ्याचं विचारायचं. मामंजींना अजून बोलले नाही. मुद्दाम. एकदम बातमीच आणून देईन.

आश्विन शु. ९

हुसेन निरोप घ्यायला आला. मामंजींना काढा पिऊन नुकताच डोळा लागला होता, उठवलं नाही. त्याला वाटेत खायला तिळाचे लाडू बांधून दिले आणि कापड आणून पुढे ठेवलं. म्हटलं, हुसेनभाई, एवढं काम करा.

त्याने उलगडलं. बघत राहिला. मग म्हणाला, "वैनी, ह्ये ठिपके कुठनं आले?"

"म्हणजे?"

"मी दिला तवा नव्हते. शिडाला लावायचा म्हणून चारी बाजूंनी बघितलाय मी. नुसता ह्योच व्हता," आणि स्वस्तिकावरून बोट फिरवलं.

मी म्हटलं, नीट आठवा. तर म्हणाला, "आठवायचा काय त्यात? दुकानदार सांगत व्हता, साहेब लोक आपल्या नशिबासाठी काढायचे इमानावर. कोण घोड्याचा नाल, कोण काळी मांजर, कोण ह्यो. तुमच्या दारावर आसतो म्हणून मी भाऊंना दिला, दुसरा काय नाय."

मग माझ्या तोंडाकडे बघितलं असावं. म्हणाला, "आसंल वैनी, माजीच चूक. म्हातारा झालो, डोळं कामातनं गेलं."

तांडेलाचे डोळे. ज्यांना मैलावरचा खडक दिसतो ते. माझ्यासाठी खोटं बोलत होता बिचारा. सगळे माझ्यासाठी खोटं बोलतात.

कापड घडी करून परत घेतलं. लाडू मात्र दिले.

आश्विन शु. १०

दसरा. आधी खरवडून बघितलं, मग बाकी सगळं.

स्वस्तिकाच्या तांबड्यावर नख चालत नाही. ठिपक्यावर चालतं. भुगा होऊन निघतो. गेरू. आपल्या तुळशीवृंदावनाचा गेरू, डिंकात कालवलेला. एकच ठिपका खरवडला, मग वाटीत गेरू घेतला आणि होता तसा परत भरला. मामंजींना कळता नये.

आपट्याची पानं सगळ्यांना दिली. मामंजींच्या पाया पडले. त्यांनी नेहमीचाच आशीर्वाद दिला, अखंड सौभाग्यवती भव. आवाज जरासुद्धा हलला नाही. काय माणूस आहे हा!

आश्विन व. २

राग राग आलाय. मामंजींचा, स्वतःचा, पंखावर हे काढणाऱ्या त्या साहेबाचा. काय नडलं होतं त्याला? मेल्या, तुझ्या गावात दुसरं चिन्ह नव्हतं? आपल्याकडे मांजर आडवी गेली तर माणूस चार पावलं मागे येतो, आणि हे तिलाच पंखावर काढून उडायचे! आणि वर स्वस्तिक. ज्याला कुणी हळदकुंकू वाहिलं नाही, कुणी नमस्कार केला नाही.

व्रत चालू आहे. रोज काढते. आज ठिपके देताना बोट थांबलं.

आश्विन व. ५

कालपासून दुसरंच डोक्यात. त्या साहेबालाही आई असेल. निघताना त्याने तिला सांगितलं असेल, काळजी करू नको, शुभचिन्ह काढलंय विमानावर. तिला ते बरं वाटलं असेल. आणि पडलंच की विमान.

तिच्याकडे देह तरी पोचला असेल.

आश्विन व. ८

आज स्वैंपाक करता करता पक्षाच्या दिवसाची ती ओंजळ आठवली आणि हातातली पळी खाली पडली.

मामंजींना माहीत होतं. भटजींनी आणखी कुणी विचारलं तेव्हा माहीत होतं, की आपला मुलगा गेलाय. पाणी हातात होतं. ज्या पाण्यासाठी कार्तिकीपर्यंत टिकतो म्हणाले ते पाणी. आणि माझ्या कपाळाकडे बघून नाही म्हणाले. आणि मी वेलदोडे घालत होते.

बाप आहे हो तो. चार ठिपके दिले आणि मुलाला तहानलेलं ठेवलं, सुनेसाठी. सख्ख्या लेकीसाठी कुणी करायचं नाही. मी दिवसभर त्यांच्यासमोर गेले नाही. काशीच्या हातून जेवण पाठवलं. विचारत होते म्हणे, सूनबाईला बरं नाही का?

आश्विन व. १२

मन मेलं गप्प बसत नाही. म्हणतं, त्या साहेबाने रंगवणाऱ्याला बोलावून सांगितलं असेल, असं असं काढ. रंगवणारा हेच असतील. ठिपके देऊ का विचारलं असेल, साहेब म्हणाला असेल नको. नोकर माणूस काय करणार?

असं होऊ शकतं. होऊ शकत नाही असं कोण सांगेल? दुपारभर ते स्वस्तिक बघत बसले. हात ह्यांचा वाटतो. मग नाही वाटत. मग वाटतो. बारा वर्षांत मी ह्यांचा हात विसरले की काय, ही नवीनच भीती.

कार्तिक शु. १

पाडवा. विष्णूभावजी मुंबईहून आलेत. काशीने त्यांना ओवाळलं, लाजली, नेहमीसारखी. मी दर पाडव्याला ह्यांच्या फोटोला ओवाळते. आजही तबक लावलं, निरांजन लावलं, फोटोपुढे उभी राहिले. आत मामंजींना श्वास लागलेला ऐकू येत होता. एकेक श्वास विहिरीतून ओढून काढावा तसा.

ओवाळलं. तबक खाली ठेवलं आणि तशीच आत गेले.

म्हटलं, "मामंजी, विधी करा."

म्हणाले, "कापड बघितलंस ना तू?"

"बघितलं."

"ठिपके आहेत त्याला."

"आहेत," म्हटलं. "चांगले दिलेत. तरी करा."

उपरणं तोंडावर ओढून घेतलं त्यांनी. खांदे हलत होते. मी पायाशी बसले. त्यांना कळलं की मला कळलंय, आणि तरी आम्ही दोघं ठिपक्यांचं एक अक्षर बोललो नाही. मग उपरण्याआडून म्हणाले, "अगो, मला तुला पांढऱ्या कपाळाने बघायचं नव्हतं. डोळे मिटेपर्यंत तरी."

"मग मिटू नका," म्हटलं. रागानेच म्हटलं.

कार्तिक शु. १२

व्रताचं उद्यापन. भटजींच्या बायकोला चांदीचं स्वस्तिक दिलं, खण, नारळ. चांदीच्याला ठिपके नाहीत. सोनाराला सांगितलं होतं, तर म्हणाला सुटे ठिपके जोडायचे कशाला, वहिनी? खरंच आहे. म्हटलं, राहू देत.

भटजींच्या बायकोने ओटी भरली माझी. भरताना रडत होती. तिला कळलंय सगळ्या गावासारखं. मी रडले नाही. मी म्हटलं, तांदूळ सांडतायत, नीट धरा.

कार्तिक व. ४

उद्या.

पळसाची पानं आली. पाली गावाकडून गड्याने डोक्यावरून आणली, भारा पडवीत ठेवलाय. येताजाता दिसतो. ओली आहेत अजून.

मामंजींनी भटजींना माझ्यादेखत सांगितलं, "केसांना कुणी हात लावायचा नाही. मी जिवंत असेपर्यंत आणि नंतरही." भटजी म्हणाले, हल्ली तसं कुणी करत नाही. विधीसाठी आलेल्या आत्याबाई, मामंजींच्या बहीण, जपमाळ ओढत होत्या, त्या ओढतच राहिल्या.

काशी सकाळपासून माझ्यामागे मागे. वेणी घालून देते म्हणाली. घालू दिली. फार घट्ट घातलीन.

आज दोनदा कुंकू लावलं. एकदा सकाळी, एकदा उगीच.

भावजींना विचारलं, उद्या समजा हे झालं आणि मग कधी ते दारात आलेच तर? भावजी म्हणाले, त्याचाही विधी असतो वहिनी, पुन्हा जन्मल्यासारखं सगळं करतात. बारसंसुद्धा. म्हटलं, आणि बायकोचं? ते त्यांना माहीत नव्हतं. भटजींना विचारून सांगतो म्हणाले.

कार्तिक व. ५, सकाळ

अंगणात करतायत ह्यांना.

बायकांनी बघायचं नाही. पण स्वैंपाकघराच्या खिडकीतून दिसतं. खालच्या बाजूला दर्भ अंथरलाय. भटजी मंत्र म्हणत पानं मांडत होते. पाय, मांड्या, छाती, हात. वर नारळ. भावजी विस्तव धरून उभे. मामंजी भिंतीला टेकून बसले होते.

मांडून झालं तेव्हा मामंजी म्हणाले, "एवढासा नव्हे हो. उंच होता माझा. ह्या दारातून वाकून यायचा."

भटजी म्हणाले, "भाऊ, शास्त्रात पानं मोजून दिली आहेत. वर एकही घालता येत नाही."

मामंजी उठले. कुणाला हात लावू दिला नाही. खाली बसले, गुडघ्यांवर, आणि पायांची पानं एकेक करून खाली सरकवू लागले. मधे थोडं थोडं अंतर ठेवून. मग हातांची. मग नारळ जरासा वर. धाप लागली की थांबायचे, परत सरकवायचे. भटजी खालचा दर्भ सारखा करत राहिले.

आता बरोबर आहे. मी बघितलं. बरोबर तेवढेच.

आता सगळे उभे आहेत. उचलून खाडीवर न्यायचं, पण मामंजी म्हणतायत, तिने येऊन तिच्या तोंडाने सांगितल्याशिवाय उचलू देणार नाही. "तिला विचारल्यावाचून मी माझ्या पोराला जाळणार नाही." भटजी म्हणतायत वेळ टळेल. मामंजी म्हणतायत, टळू दे.

काशी दाराशी आली आहे. "वहिनी, चला, थांबलेत सगळे."

टाक खाली ठेवायला हात होत नाही. पाडव्याला हो म्हटलं होतं मी. तेव्हा ते एवढे उंच नव्हते.

येते म्हटलं तिला. पदर सारखा करते आणि